हॉल बांधायला पैसे आहेत, मग लायब्ररीच्या बाईंना का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, आलेलं कुटुंब, मुलगी चौथीत. शाळेच्या आवारात बॉण्डच्या, म्हणजे मतदारांच्या मंजुरीने काढलेल्या कर्जाच्या, पैशातून नवा मल्टिपर्पज हॉल उभा राहतोय आणि त्याच सुमारास लायब्ररी सांभाळणाऱ्या बाईंची जागा रद्द झाली. बोर्डाच्या मीटिंगमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "कायद्याने तो पैसा इकडे वळवता येत नाही." ही खरी अडचण की थाप? आणि आम्ही पालकांनीच आळीपाळीने लायब्ररी चालवली तर चालेल का?

मी कॅलिफोर्नियातल्या एका शाळा-डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बिझनेस ऑफिसात बावीस वर्षं बजेटचं काम करते. "वळवता येत नाही" हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा उच्चारलं आहे की झोपेतही म्हणेन. जवळजवळ नेहमीच ते खरं असतं. पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर असतं तो प्रश्न बहुधा पालकांनी विचारलेला नसतो, आणि तिथेच गोम आहे.

आधी हॉलचं बघू, कारण ते सोपं आहे. पुण्यात सोसायटीच्या कमिटीवर कोणी असेल त्यांना विचारा, सिंकिंग फंडातून वॉचमनचा पगार देता येतो का? लाखो रुपये पडून असले तरी नाही. शाळेच्या बॉण्डचंही तसंच. २००० साली इथल्या मतदारांनी प्रपोझिशन ३९ हा जनमताला टाकलेला प्रस्ताव मंजूर केला. त्याआधी स्थानिक बॉण्डला दोन-तृतीयांश मतं लागायची, ती अट ५५ टक्क्यांवर आली. बदल्यात घटनेतच लिहून ठेवलं की हा पैसा बांधकाम, दुरुस्ती, साधनसामग्री यांसाठीच, शिक्षकांच्या किंवा अधिकाऱ्यांच्या पगारासाठी आणि शाळेच्या रोजच्या खर्चासाठी अजिबात नाही. नागरिकांची देखरेख समिती आणि दरवर्षी ऑडिट सक्तीचं. त्यामुळे हॉल रद्द केला असता तरी लायब्ररीला एक डॉलर मिळाला नसता. बोर्डाचं उत्तर इथपर्यंत शंभर टक्के खरं.

रोजच्या खर्चाला पैसा हवा तर स्थानिक पातळीवर एकच मोठा रस्ता उरतो, पार्सल टॅक्स, म्हणजे प्रत्येक मालमत्तेवर लावलेला ठरावीक कर. त्याला एरवी दोन-तृतीयांश मतं लागतात. म्हणजे इमारत बांधायला ५५ टक्के शेजारी पुरतात, त्या इमारतीत माणूस बसवायला ६६ टक्क्यांहून जास्त लागतात. जागोजागी चकचकीत इमारती आणि रिकाम्या लायब्र्या दिसतात, त्याला हे गणितही कारण आहे.

मुळात डिस्ट्रिक्टने कशावर किती खर्च करायचा हे सॅक्रामेंटोत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, का ठरतं? आपल्याकडे अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार सरकार देतं, त्यामुळे सरकारने नियम केले तर आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. अमेरिकेत मात्र शाळा ही पिढ्यान्‌पिढ्या गावाची गोष्ट होती. गावाचा प्रॉपर्टी टॅक्स, गावाचं बोर्ड, गावाची शाळा. ते मोडलं सेरानो विरुद्ध प्रीस्ट या खटल्याने. १९७१ च्या निकालातले आकडे मी नवीन माणसाला पहिल्याच आठवड्यात दाखवते. १९६८-६९ साली बेव्हर्ली हिल्स दर मुलामागे सुमारे १,२३२ डॉलर खर्च करत होतं आणि बाल्डविन पार्क सुमारे ५७७. पण कराचा दर? बेव्हर्ली हिल्समध्ये करासाठी धरलेल्या दर शंभर डॉलर मूल्यावर २.३८ डॉलर, बाल्डविन पार्कमध्ये ५.४८. गरीब गाव दुपटीहून जास्त दराने कर भरत होतं आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला निम्म्याहून कमी येत होतं. कोर्टाने हे घटनाबाह्य ठरवलं. मग १९७८ साली प्रपोझिशन १३ आलं, प्रॉपर्टी टॅक्स एक टक्क्यावर बांधला गेला आणि करासाठी धरायची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येईनाशी झाली. गावाच्या हातातली तिजोरीची किल्ली गेली ती राजधानीत. किल्ली ज्याच्याकडे त्याच्या अटी, हे ओघाने आलंच.

त्या अटी पुढे इतक्या वाढल्या की २०१३ च्या आधी आमच्याकडे डझनावारी 'कॅटेगॉरिकल' खाती होती. पुस्तकांचं वेगळं, हुशार मुलांचं वेगळं, बसचं वेगळं, समर स्कूलचं वेगळं. एका खात्यात पैसे कुजत पडलेले आणि शेजारच्या खात्यात खडखडाट, हे नेहमीचं. वर्ष संपायला आलं की कोणत्या तरी खात्यातला पैसा परत जाऊ नये म्हणून आम्ही नको असलेल्या वस्तू मागवत असू. आपल्या सरकारी कचेऱ्यांतला मार्चअखेर ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. इथे तो जूनअखेर असतो, एवढाच फरक.

२०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी 'लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला' आणला. ऑफिसात आम्ही एलसीएफएफ म्हणतो. बहुतेक खाती मोडून एकच मोठा निधी केला. त्याची रचना समजून घ्या, कारण लायब्ररीच्या बाईंचं नशीब त्यातच आहे. दर मुलामागे इयत्तेनुसार एक मूळ रक्कम. कमी उत्पन्नाच्या घरातली, इंग्रजी शिकत असलेली किंवा फॉस्टर घरातली (सरकारने दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेली) मुलं असतील तर त्यांच्यामागे मूळ रकमेच्या २० टक्के जादा. अशा मुलांचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेलं, तर वरच्या प्रत्येक मुलामागे आणखी ६५ टक्के (हे २०२१ पर्यंत ५० होते). समजा हिशेबाच्या सोयीसाठी मूळ रक्कम १०,००० डॉलर धरली. ८० टक्के अशी मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टला दर मुलामागे सरासरी १३,२२५ मिळतील, आणि तुमच्यासारख्या, म्हणजे १० टक्केच अशी मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टला १०,२००. सुखवस्तू भागात घरांच्या किमती बघून लोकांना वाटतं की शाळांकडे बक्कळ पैसा असणार. फॉर्म्युल्यावर चालणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये नेमकं उलटं होतं, आणि ते तसं व्हावं म्हणूनच फॉर्म्युला केला आहे. मला तो न्याय्य वाटतो. माझी स्वतःची मुलं त्याच्या तोट्याच्या बाजूला शिकली, तरीही.

अपवाद 'बेसिक एड' डिस्ट्रिक्टचा. जिथला प्रॉपर्टी टॅक्सच फॉर्म्युल्यातल्या रकमेपेक्षा जास्त जमतो, तिथे वरचा पैसा गावाकडेच राहतो. पालो आल्टो हे त्याचं ठळक उदाहरण. तुमचं डिस्ट्रिक्ट त्यात मोडतं का ते आधी बघा, कारण तसं असेल तर 'पैसे नाहीत' हे ऐकताना भुवया जरा वर करायला हरकत नाही.

आता टक्केवारीच्या कायद्यांकडे येते. या विषयावर मी जरा जास्त बोलते, ऑफिसातले लोक घड्याळ बघतात.

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत ४१३७२ नावाचं एक जुनं कलम आहे. डिस्ट्रिक्टच्या चालू शैक्षणिक खर्चातला ठरावीक वाटा वर्गशिक्षकांच्या पगारावर गेलाच पाहिजे. प्राथमिक डिस्ट्रिक्ट असेल तर ६० टक्के, बालवाडीपासून बारावीपर्यंतचं एकत्र असेल तर ५५, फक्त हायस्कूलचं असेल तर ५०. ऐकायला किती छान! पैसा वर्गातच जावा, साहेबांच्या केबिनमध्ये जाऊ नये. पण 'वर्ग' कशाला म्हणायचं? कलमाच्या हिशेबात वर्गशिक्षक आणि वर्गातले मदतनीस येतात, भत्त्यांसकट. लायब्ररीची बाई येत नाही. नर्स येत नाही. काउन्सेलर येत नाही. कायद्याच्या लेखी त्या आणि डिस्ट्रिक्ट ऑफिसातला माझ्यासारखा कारकुनी जीव, सगळे एकाच बाजूला. शिक्षक कपात केली की टक्केवारी घसरते आणि ऑडिटर शेरा मारतो; लायब्ररी बंद केली की टक्केवारी उलट थोडी सुधारते. या एका कारणाने कोणी लायब्ररी बंद करत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण कात्री हातात घेतल्यावर ती कुठल्या दिशेने सहज चालते, ते कलमाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

हाच खेळ देशभर मोठ्या आवाजात झाला तो २००५-०६ मध्ये. 'पासष्ट टक्के वर्गात' अशी मोहीम निघाली. ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीचे पॅट्रिक बर्न तिच्यामागे होते. नवा कर नको, आहे त्याच पैशातला ६५ टक्के वर्गात घाला, असं ते म्हणत. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी २००५ मध्ये तसा आदेश काढला, जॉर्जियाने २००६ मध्ये कायदा केला. कोलोरॅडोच्या मतदारांनी मात्र त्याच वर्षी या धर्तीचे दोन्ही प्रस्ताव पाडले. मोहिमेने 'वर्ग' या शब्दाची जी सरकारी व्याख्या धरली होती तिच्यात फुटबॉलचा प्रशिक्षक आत होता आणि ग्रंथपाल बाहेर. सहलीचा खर्च आत. शाळेच्या बसचं डिझेल, दुपारचं जेवण, नर्स बाहेर. खेड्यातल्या डिस्ट्रिक्टमध्ये मुलं तीस-तीस मैलांवरून येतात. तिथे बसवर खर्च जास्त होणारच, त्यात उधळपट्टी कसली? स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने तेव्हाच आकडे तपासून सांगितलं की वर्गातल्या खर्चाची टक्केवारी आणि मुलांचे निकाल यांचा ठोस संबंध दिसत नाही. टेक्सासच्या विधिमंडळाने २००९ मध्ये ती अट काढून टाकली.

गंमत म्हणजे दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच टेक्सासने नवा कायदा केला. राज्याकडून दर मुलामागे जी वाढ मिळेल तिच्यातला किमान ३० टक्के हिस्सा पगारवाढीत घालायचा, आणि त्याचा पाऊण भाग शिक्षक, काउन्सेलर, नर्स आणि ग्रंथपाल यांना. या वेळी ग्रंथपाल आत! शाळा त्याच, कामही तेच, फक्त विधिमंडळातल्या कोणीतरी यादीत एक शब्द वाढवला. म्हणून कोणी 'अमुक टक्के मुलांवर खर्च करण्याचा कायदा' म्हणून सह्या मागायला दारात आलं, तर मी आकड्याकडे बघत नाही. व्याख्येचं पान मागते.

पण प्रत्येक बांधील खर्च वाईट असतो असंही नाही. राज्याच्या शाळा-बांधणी कार्यक्रमाचा पैसा घेतलेल्या डिस्ट्रिक्टला आमच्याकडे जनरल फंडाच्या, म्हणजे रोजच्या कारभाराच्या मुख्य निधीच्या, खर्चातले ३ टक्के देखभालीसाठी बाजूला काढावे लागतात. २००९ च्या मंदीत ही अट सैल केली होती आणि त्याची किंमत आम्ही पुढे कितीतरी वर्षं गळक्या छतांनी मोजली. छत काही बोर्डाच्या मीटिंगला येऊन तीन मिनिटं बोलत नाही. पगारवाढ मागणारे येतात, संगीताच्या वर्गाचे पालक येतात, छताची बाजू घेणारं कोणी नसतं. अशा मुक्या खर्चाला कायद्याचा टेकू हवा, असं माझं मत आहे.

संगीतावरून आठवलं. २०२२ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन २८ मंजूर केलं. शालेय निधीच्या एक टक्क्याएवढी रक्कम दरवर्षी कला आणि संगीतासाठी. पाचशे किंवा त्याहून जास्त मुलं असलेल्या डिस्ट्रिक्टने त्यातले किमान ८० टक्के माणसं नेमण्यावरच खर्च करायचे, आणि प्रशासनावर एक टक्क्याच्या वर नाही. शिवाय आधी जे करत होतात त्याच्या जागी हा पैसा वापरायचा नाही, भर म्हणून वापरायचा. त्यामुळे तुमच्या शाळेत नवे चित्रकलेचे मास्तर आले आणि लायब्ररीची बाई गेली, असं एकाच वर्षी घडू शकतं. त्यात लबाडी नाही. दोन वेगळे डबे आहेत.

सगळ्यात मोठा आणि ज्याबद्दल मीटिंगमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही तो डबा विशेष शिक्षणाचा. विशेष गरज असलेल्या मुलाला त्याच्या योजनेत लिहिलेली सेवा द्यावीच लागते. पैसे नाहीत हे कारण चालत नाही, आणि चालूही नये. १९७५ च्या केंद्रीय कायद्याने अशा प्रत्येक मुलामागे देशातल्या सरासरी शालेय खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देण्याचं आश्वासन दिलं होतं. ते आजवर कधीच पूर्ण झालेलं नाही. वरून अट अशी की मागच्या वर्षीपेक्षा स्थानिक खर्च कमी करायचा नाही, काही मोजके अपवाद सोडून. तूट भरायची कुठून? मोकळ्या, म्हणजे कशालाही न बांधलेल्या, निधीतून. आमच्या हिशेबात ही रक्कम 'काँट्रिब्युशन' या सभ्य नावाने एका ओळीत बसते. ती ओळ दरवर्षी फुगते आणि मोकळा निधी तेवढाच आकसतो.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. हॉलचा पैसा वळवता येत नाही हे सिद्ध झालं. पण लायब्ररीच्या बाईंचा पगार हॉलच्या पैशातून कधीच जात नव्हता. तो कुठून जात होता, हे विचारा. आमच्याकडे प्रत्येक डॉलरला एक लांबलचक कोड असतो, त्यातला 'रिसोर्स' हा भाग सांगतो की पैसा कोणत्या डब्यातला. अगदी हेच वाक्य विचारा, "ही जागा मागची तीन वर्षं कोणत्या रिसोर्सवर होती?" तीन उत्तरं शक्य आहेत.

एक, एकरकमी मदतीवर. कोविडच्या काळात केंद्राकडून आलेला पैसा सप्टेंबर २०२४ पर्यंतच मार्गी लावायचा होता. कितीतरी डिस्ट्रिक्टांनी त्यातून कायमची माणसं नेमली. (आम्हीही नेमली. मी विरोधाचा मेमो लिहिला होता, तो फाइलमध्ये सुखाने नांदतो आहे.) पैसा आटला, माणूस गेला. दोन, पालकांच्या फाउंडेशनच्या देणगीवर. देणगी कमी जमली असेल तर ते लोक सांगतील. तीन, रिसोर्स ०००० वर, म्हणजे मोकळ्या निधीवर. उत्तर हे आलं तर 'कायद्याने येत नाही' हे कारण तिथेच संपलं. कायदा आड आलेला नाही. बोर्डाने पर्याय निवडला आहे. तो कदाचित योग्यही असेल, पण मग तो निवडला असं म्हणायला हवं.

पुढे बोर्डवाले शिलकीबद्दल बोलतील. कायद्याने राखीव निधी ठेवावाच लागतो. एक हजारापासून तीस हजारापर्यंत मुलं असतील तर किमान ३ टक्के. १९९१ चा एबी १२०० नावाचा कायदा आहे, त्याखाली तीन वर्षांचा अंदाज काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शिक्षण कार्यालयाला दाखवावा लागतो. तिसऱ्या वर्षी शिल्लक पुरत नसेल तर काउंटी बजेट नाकारू शकते. म्हणजे यंदा पैसे दिसत असूनही कपात करणं हे खरोखर शहाणपणाचं असू शकतं. पण शिल्लक किमानपेक्षा किती वर आहे ते बघा. पाच-सहा टक्के असेल तर गप्प बसा. वीस टक्के असेल आणि तरी लायब्ररी बंद होत असेल तर हात वर करा. शिवाय जनरल फंडातले साधारण पाचातले चार डॉलर पगार आणि भत्त्यांवर जातात. त्यामुळे त्याच वर्षी पगारवाढीचा करार झाला असेल तर त्याचा खर्च मंजुरीआधी जाहीर करावा लागतो. तो कागद मागा. शिक्षकांना वाढ देऊ नये असं मी म्हणत नाही, इथली घरभाडी मला माहीत आहेत. पण लायब्ररी कशाच्या बदल्यात गेली ते बहुतेकदा त्या कागदात सापडतं.

पालकांनी आळीपाळीने लायब्ररी चालवायची कल्पना मनापासूनची आहे, पण जपून. शिक्षण संहितेप्रमाणे कर्मचाऱ्याची जागा रद्द करून तिच्या जागी स्वयंसेवक वापरता येत नाहीत. युनियन दुसऱ्याच दिवशी तक्रार करेल आणि तिचं बरोबरच असेल. माणूस ठेवून त्याच्या मदतीला पालक गेले तर हरकत नाही. फाउंडेशनने पैसे जमवून जागा परत आणता येते, बे एरियात सर्रास आणतात. फक्त एवढं ध्यानात असू द्या की फ्रीवेपलीकडच्या शाळेत असं फाउंडेशन नसतं. बेव्हर्ली हिल्स आणि बाल्डविन पार्कचा खटला जिंकून झाला, आणि आपण मागच्या दाराने पुन्हा तिथेच.

वेळेचं भान ठेवा. नोकरकपातीच्या नोटिसा १५ मार्चपर्यंत जातात. २०२२ पासून लायब्ररीतल्या बिगर-शिक्षक कर्मचाऱ्यांनाही हीच तारीख लागू आहे. मेच्या मध्यावर गव्हर्नरचा सुधारित अर्थसंकल्प येतो आणि तेव्हा काही नोटिसा मागे घेतल्या जातात. जूनमध्ये बजेट आणि 'एलकॅप' या वार्षिक आराखड्याची जाहीर सुनावणी होते, मंजुरी १ जुलैच्या आत. मेच्या अखेरीला लेखी मागणी द्या आणि पालक सल्लागार समितीमार्फत द्या. समितीच्या टिपणीला सुपरिंटेंडंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला, लेखी उत्तर द्यावं लागतं. तीन मिनिटांच्या भाषणाला तसं उत्तर द्यायचं बंधन कोणावरच नाही.

आणि एक शेवटचं, जे आपल्या लोकांना मी दर नोव्हेंबरात सांगते. बेसिक एड नसलेल्या डिस्ट्रिक्टला राज्याचा पैसा पटावरच्या नावांवर मिळत नाही, हजेरीच्या सरासरीवर मिळतो. एका मुलाचा एक दिवस म्हणजे ढोबळ साठ-सत्तर डॉलर, आणि ते थेट त्या मोकळ्या निधीत पडतात, जिथून लायब्ररीचा पगार निघू शकतो. डिसेंबरात पुण्याला जाऊन तीन आठवडे जास्त राहणार असाल, लग्नं त्याच वेळी निघतात हे मलाही माहीत आहे, तर निघण्याआधी शाळेच्या ऑफिसात 'इंडिपेंडंट स्टडी'चा करार सही करून जा. मुलीने दिलेला अभ्यास पूर्ण करून आणला की तिची हजेरी धरली जाते.